कुंभारणीचें घर आणि उभें विमान

आमच्या जुन्या घराच्या माजघरांत एक खुंटी होती आणि तिच्या आडोशास दर पावसाळ्यानंतर एक कुंभारीण आपलें मातीचें घर बांधीत असे. चिखलाची एकेक गोळी तोंडांत धरून ती खिडकींतून आंत येई, गुणगुणत ती गोळी थापी आणि परत जाई. केरसुणी घेऊन कोणी तें घर पाडावयास निघालें, तर वडील मंडळी त्यास दटावीत. तिच्या घरानें कोणाचें काय अडतें, असा त्यांचा सवाल असे. पुढें संतवाङ्मयांत हीच कुंभारीण आम्हांस 'भृंगी' होऊन भेटली. ती अळीस कोंडून ठेविते आणि तिच्या ध्यासानें अळी स्वतःच भृंगी होऊन बाहेर पडते, हा तो प्रसिद्ध दृष्टान्त. खरा प्रकार इतका सात्त्विक नाहीं. नांगी मारून बधिर केलेली अळी ही तिच्या पिलाची शिदोरी होय. अंड्यांतून निघालेलें पिलूं तिच्यावर पोसतें आणि पंख फुटले म्हणजे माती फोडून निघून जातें.

तिच्या घरानें कोणाचें काय अडतें, या प्रश्नाचें एक भयंकर उत्तर सन १९९६ मध्यें मिळालें असें मानण्यास जागा आहे. तें सांगण्यापूर्वीं एका नळीची हकीकत सांगितली पाहिजे.

पॅरिसमधून वाहणाऱ्या सेन नदीच्या पाण्याचा वेग मोजण्यासाठीं आंरी पितो नांवाच्या फ्रेंच विद्वानानें सन १७३२ मध्यें एक साधी युक्ति काढिली. टोंकाशीं वांकविलेली नळी त्यानें प्रवाहासमोर धरिली. प्रवाह जितका वेगवान्, तितकें पाणी नळींत उंच चढे. आज प्रवासी विमानाच्या नाकाजवळ समोर तोंड करून जी बोटभर नळी बसविलेली असते, ती या नदींतल्या नळीचीच वंशज. तिला नांवही पितोचेंच आहे. नळींत शिरणाऱ्या हवेचा दाब आणि भोंवतालच्या हवेचा दाब या दोहोंच्या वजाबाकीवरून विमानाचा वेग ठरतो. मोठ्या विमानास अशा नळ्या बहुधा तीन असतात. वैमानिकास हवेंतील वेग नुसत्या डोळ्यांनीं कळत नाहीं, रात्रीं समुद्रावर तर मुळींच नाहीं. आणि वेग मर्यादेखालीं गेला कीं पंखांचा आधार सुटून विमान कोसळतें. शेंकडों माणसांचा जीव अशा रीतीनें एका छिद्राशीं बांधलेला असतो, आणि तें छिद्र नेमकें कुंभारणीच्या मापाचें आहे!

डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या उत्तर किनाऱ्यावरील प्वेर्तो प्लाता येथून ६ फेब्रुवारी १९९६ च्या रात्रीं एक बोइंग ७५७ विमान जर्मनीकडे निघालें. सुटी संपवून घरीं परतणारे बहुतेक जर्मन प्रवासी १७६, आणि विमानावरील कर्मचारी १३. वस्तुतः त्या दिवशीं जावयाचें विमान दुसरेंच होतें. तें नादुरुस्त झाल्यामुळें हें काढण्यांत आलें. हें विमान सुमारे तीन आठवडे जमिनीवर उभें होतें आणि उड्डाणापूर्वींच्या कांहीं दिवसांत त्याच्या वेगनळ्यांवर टोपणें नव्हतीं. धांवपट्टीवर वेग ८० नॉट झाला तेव्हांच कप्तानाच्या ध्यानांत आलें कीं आपला वेगदर्शक चालत नाहीं. त्या क्षणीं विमान थांबवितां आलें असतें. तें थांबविलें गेलें नाहीं.

हवेंत चढल्यावर कांटा आपोआप हलूं लागला, आणि येथेंच घात झाला. बुजलेल्या नळींत जमिनीवरची हवा कोंडलेली होती. विमान जसजसें वर जाई, तसतसा बाहेरील हवेचा दाब घटे. आंतला मात्र होता तेवढाच राही. यंत्रानें आपली वजाबाकी इमानानें केली आणि वेग वाढत असल्याचें दाखविलें. वाढत होती ती उंची! स्वयंचलित सुकाणूनें त्याच कांट्यावर विश्वासून विमानाचें नाक वर केलें व इंजिनांचा जोर कमी केला. वेग फार झाला अशी सूचना एकीकडून वाजत होती. वेग संपला असें सांगण्यासाठीं हातांतील दांडा दुसरीकडे थरथरत होता. सहवैमानिकासमोरचा कांटा खरें तेंच सांगत होता, पण दोन साक्षीदार परस्परविरुद्ध बोलूं लागले म्हणजे मनुष्याचा खऱ्यावरचाही विश्वास उडतो. उड्डाणानंतर पांच मिनिटांत विमान अटलांटिक महासागरांत कोसळलें. १८९ पैकीं एकही वांचला नाहीं.

विमानांतील नोंदयंत्रें समुद्राच्या तळांतून काढण्यांत आलीं. त्या नळ्या मात्र हातीं लागल्याच नाहींत, ही गोष्ट न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे. काळ्यापिवळ्या रंगाची, कोळी मारून साठविणारी कुंभारीण त्या प्रदेशांत सर्वत्र आहे, पोकळ नळी दिसली कीं ती घर करते, आणि विमान उघड्या नळ्यांनीं उभें होतें; एवढ्यावरून काढलेलें तें अनुमान आहे. चौकशी करणाऱ्यांनीं मुख्य दोष ठेविला तो थरथरणाऱ्या दांड्याचा अर्थ न ओळखल्याचा. आमच्या मतें त्याआधींची चूक अधिक विचार करण्याजोगी आहे. तीन आठवडे उभें राहिलेलें विमान तीन आठवड्यांपूर्वींचेंच आहे, असें गृहीत धरलें गेलें.

आपल्या लेखीं विमान म्हणजे गति. पशुपक्ष्यांच्या लेखीं उभें विमान म्हणजे कडा, झाड, ढोली, सांवली. आपल्या साळुंकीच्याच कुळांतला स्टार्लिंग पक्षी लहान विमानाच्या इंजिनाभोंवतालच्या कवचांत हां हां म्हणतां काड्यांचा ढीग रचतो. इंजिन तापलें कीं त्या वाळलेल्या गवतास आग लागण्याची भीति असते. २७ मे २०२१ रोजीं दिल्लीहून न्यूअर्ककडे निघालेलें विमान आंत वटवाघूळ फिरूं लागल्यामुळें अर्ध्या तासांतच माघारीं वळवावें लागलें. परंतु वटवाघूळ दिसतें तरी. कुंभारणीचें काम झाल्यावर बाहेरून कांहींच दिसत नाहीं.

ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथें ही गोष्ट शास्त्रीय रीतीनें उघड झाली. तेथील कुंभारीण मूळची तेथली नव्हे. दक्षिण व मध्य अमेरिकेंतून ती आली आणि किल्लीच्या भोंकांतही घर करिते म्हणून त्यावरूनच तिला नांव पडलें. नोव्हेंबर २०१३ मध्यें तेथून सिंगापूरकडे निघालेल्या एका एअरबस ३३० ची एक वेगनळी बुजल्याचें आढळलें. विमान एकदां धांवपट्टीवरूनच परत आलें, दुरुस्ती झाली असें समजून पुन्हां उडालें, आणि कांटा पुन्हां फसवूं लागल्यावर कसबानें उतरविण्यांत आलें. तें जमिनीवर उभें होतें अवघे दोन तास! पुढें संशोधकांनीं नकली वेगनळ्या बनवून विमानतळावर चार ठिकाणीं मांडल्या. ३९ महिन्यांत त्यांपैकीं ९३ वेळां नळी पुरती बुजलेली आढळली, आणि प्रत्येक वेळीं घर याच परक्या कुंभारणीचें होतें. हा वृत्तान्त २०२० मध्यें प्रसिद्ध झाला.

दरम्यान उपाय ठरला होता: विमान येऊन थांबलें कीं नळ्यांवर टोपणें घालावीं. या टोपणांस लांब तांबड्या फिती असतात, त्या विसर पडूं नये म्हणूनच. तरीही १८ जुलै २०१८ च्या रात्रीं क्वालालंपूरकडे जाणारें एक विमान तिन्ही नळ्यांवर टोपणें तशींच ठेवून ब्रिस्बेनहून उडालें. निघण्यापूर्वीं विमानाभोंवतीं जी फेरी मारावयाची ती पुरती झाली नव्हती; टोपणें काढणें हें ज्याच्या त्याच्या समजुतीनें दुसऱ्याचें काम होतें. विमान सुखरूप परत उतरलें, हें वैमानिकांचें कौशल्य. पण कुंभारणीनें जें केलें असतें, तेंच तिच्या भीतीनें माणसानें स्वतःच्या हातानें केलें.

मग २०२० ची महामारी आली आणि जगांतलीं हजारों विमानें एकदम जमिनीवर बसलीं. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटांत उभ्या केलेल्या विमानांच्या चाकांच्या उबेला शेपटी खुळखुळविणारे विषारी साप येऊन बसूं लागले. तेथले यंत्रज्ञ केरसुणीचा दांडा चाकांवर आपटून, पाय वाजवीत मगच कामास लागत. रात्रीं बांधावरून जाणाऱ्या आपल्या शेतकऱ्यास या शास्त्राची निराळी शिकवण लागली नसती! लंडनच्या हीथ्रो विमानतळावर ९ जून ते १९ जुलै २०२१ या काळांत अनेक विमानांच्या वेगनळ्यांनीं दगा दिला आणि तपासांत किड्यांचीं घरें निघालीं. इंग्लंडसारख्या थंड देशांत हें अपेक्षित नव्हतें. इंजिनांचा गोंगाट आणि गरम झोत थांबले, गर्दी ओसरली, तेव्हां किड्यांनीं ओसाड वाड्यांत शिरावें तसा ताबा घेतला.

ब्रिस्बेनचा धडा तरी पक्का झाला असेल, असें आम्हांस वाटत होतें. २७ मे २०२२ रोजीं तेथें सिंगापूरला जावयाचें एक एअरबस ३५० निघण्याच्या तयारींत होतें. विमान मागें ढकलण्यास थोडींच मिनिटें उरलीं असतां, त्या विमानाच्या तपासणीशीं ज्याचा कांहीं संबंध नव्हता अशा इंधन भरणाऱ्या एका कामगाराची नजर सहज वर गेली. नळ्यांवर टोपणें होतीं. त्यानें हांक मारून सांगितलें, आणि तीं काढण्यांत आलीं.