पाणी आहे, तरी टनेज का घटतं? छोट्या बागायती रानातल्या उसाचं गणित

वाळवा, मिरज, शिरोळ या तालुक्यांत पाऊण-एक एकराचं रान आणि त्यात ऊस, असे असंख्य शेतकरी आहेत. विहिरीचं नाहीतर उपसा योजनेचं पाणी असतं. तरीही ‘पूर्वीसारखं टनेज पडत नाही’ ही तक्रार गावोगाव ऐकू येते. राज्याची सरासरी हेक्टरी ८० ते ९० टनांच्या आसपास, म्हणजे एकरी ३२ ते ३६ टन. त्याच शिवारात एखादा शेतकरी दुप्पट काढतो. फरक कशाने पडतो?

उसाची संख्या

एकरी ४० हजार ऊस गाळपाला आले आणि एकेकाचं वजन अडीच किलो भरलं, तर १०० टन होतात. संख्या २५ हजारांवर आली आणि वजन दीड किलोच भरलं, तर साडेसदतीसच टन. म्हणून नांग्या वेळेत भरायच्या. बेणं ९ ते ११ महिन्यांचं आणि बेणे मळ्यातलं घ्यायचं, खोडव्याचं नाही. सरी चार-पाच फुटांची ठेवली, तर ऊन आणि वारा बुडापर्यंत पोचतो.

खत

सुरू उसासाठी हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश अशी शिफारस आहे. नत्र लागणीला १० टक्के, दीड-दोन महिन्यांनी ४०, तीन-चार महिन्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के असं विभागून द्यायचं. आपल्याकडे मात्र युरियाची गोणी आधी सुटते, पालाश राहून जातं. सेंद्रिय कर्ब ०.४ टक्क्यांच्या खाली असेल, तर टाकलेल्या खताचाही पुरता फायदा मिळत नाही. पाचट जाळू नका, सरीत दाबा. लागणीआधी ताग किंवा धैंचा पेरून दीड महिन्यात गाडला, तरी जमिनीला आधार मिळतो.

पाणी कमी नव्हे, जास्त

काळ्या रानात खरं नुकसान इथंच होतं. रात्रीची लाईट आली की मोटार चालू करून माणूस झोपतो आणि सकाळी सरी तुडुंब. मुळाला पाण्याइतकीच हवा लागते. वाफसा न येता दुसरी पाळी दिली, तर मुळ्या गुदमरतात. पाणपातळी वर येते, ऊन पाणी ओढून घेतं आणि क्षार वरच राहतात. हे काही नवं नाही. नीरा डाव्या कालव्याला १८८५ साली पाणी सुटलं आणि काही दशकांतच त्या भागातल्या जमिनी पाणथळ आणि खारवट होऊ लागल्या.

खारवट की चोपण?

उन्हाळ्यात रानावर पांढरा थर दिसला, तर जमीन क्षारयुक्त. ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी झाली, तर चोपण असण्याची शक्यता. खात्री माती परीक्षणानेच होते. विद्युत वाहकता ४ च्या वर म्हणजे क्षारयुक्त. सामू ८.५ च्या वर आणि विनिमययुक्त सोडियम १५ टक्क्यांपेक्षा जास्त म्हणजे चोपण. दोन्हींचा इलाज वेगळा. चोपण जमिनीला अहवालाप्रमाणे जिप्सम लागतं. क्षारयुक्त जमिनीत नुसतं जिप्सम टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. तिथं निचरा करून, चांगल्या पाण्याने क्षार धुवून काढावे लागतात.

एकट्याने होत नाही

निचऱ्यासाठी उघडे चर काढायचे किंवा जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकायचे. चराने छोट्या रानाची बरीच जागा जाते, म्हणून पाईप बरे. पण पाईपचं पाणी ओढ्याला सोडायचं, तर वाट शेजाऱ्याच्या बांधातून जाते. वरच्याने मोकाट पाणी दिलं, तर खालच्याचं रान खारवतं. म्हणून निचऱ्याचं काम ओढ्यापर्यंतच्या सगळ्या खातेदारांनी मिळून करायचं. गावचा जुना ओढा बुजला असेल, तर आधी तो मोकळा करावा लागेल.

स्वतःच्या बांधावर मात्र आजपासून तीन गोष्टी जमतात. ऊस तुटल्यावर, खत टाकायच्या आधी माती तपासा. वाफसा बघूनच पाणी द्या. जमेल तेव्हा ठिबक करा. टनेज एका हंगामात कमी-जास्त होतं, पण खारवलेलं रान परत पिकाखाली आणायला वर्षं जातात. पाऊण एकरवाल्याला तेवढं थांबणं परवडत नाही.