होकायंत्रे, जुनी लष्करी
होकायंत्रे, जुनी लष्करी : भूसेनेतील अधिकारी, तोफखाना व टेहळणी पथके यांनी दिशा ठरविण्यासाठी वापरलेली आणि आता सेवेबाहेर गेलेली चुंबकीय होकायंत्रे. तळहातावर मावणाऱ्या अशा पितळी पेटीवर निर्मात्याचे नाव, निर्मितीचे वर्ष, अनुक्रमांक आणि सरकारी मालकीची खूण कोरलेली असते. त्यामुळे ती उपकरणाबरोबरच ऐतिहासिक साधनही ठरते. तिच्या पुनःस्थापनाचा म्हणजेच दुरुस्ती व जतन यांचा विचार या दोन्ही अंगांनी करावा लागतो.

ऐतिहासिक विकास : समोरची खूण आणि तबकडीवरील अंश एकाच वेळी पाहता येणे, ही लष्करी होकायंत्राची मुख्य गरज होय. चार्ल्स ऑगस्टस श्मालकाल्डर यांनी लंडन येथे १८१२ मध्ये पेटंट घेतलेल्या लोलकयुक्त होकायंत्राने ती भागविली. त्यात डोळ्याजवळ बसविलेल्या लोलकातून अंश वाचता येत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश सैन्यातील अधिकारी विलोबी व्हर्नर (१८५२–१९२२) यांनी प्रत्यक्ष रणभूमीवर सोयीची पडेल अशी सुधारित रचना केली. लंडनच्या फ्रान्सिस बार्कर अँड सन या कंपनीने (स्थापना १८४८) ‘व्हर्नर नमुन्या’ची होकायंत्रे तयार केली. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) मागणी अतोनात वाढल्याने शॉर्ट अँड मेसन, डेनिसन इ. कंपन्यांनीही हे काम हाती घेतले. रात्री वाचता यावे म्हणून तबकडीवर रेडियमयुक्त दीप्तिमान रंग लावण्यात येऊ लागला.

डोंगर, झाडी किंवा वस्ती नसलेल्या सपाट प्रदेशात रात्रीच्या कूचीला होकायंत्राखेरीज फारसा आधार नसे. मेसोपोटेमियातील (सध्याचा इराक) कूत येथे सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्की सैन्याने वेढले होते. तीत १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्यांच्या सुटकेसाठी ७–८ मार्च १९१६ च्या रात्री मोठे सैन्य उघड्या मैदानातून दुजैला येथील तुर्की ठाण्यापर्यंत चालून गेले. पहाटे ते नियोजित जागी पोहोचले. परंतु हल्ल्यास विलंब झाल्याने संधी हुकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कूतच्या सैन्याने शरणागती पत्करली. अशा मोहिमांमुळे त्या काळातील होकायंत्रांना आज ऐतिहासिक मोल आले आहे.

कोरड्या होकायंत्रातील तबकडी बराच वेळ हेलकावत राही. पेटीत द्रव भरून हा दोष कमी करण्यात आला. दुसऱ्या महायुद्धातील (१९३९–४५) ब्रिटिश ‘मार्क ३’ हे या प्रकारचे प्रसिद्ध उदाहरण असून त्याची तबकडी शिंपल्याच्या चकचकीत आतील थराची असे. ऑस्ट्रेलियातही हा नमुना तयार होई. अमेरिकन सैन्याच्या ‘एम-१९३८’ होकायंत्रात लोलकाऐवजी भिंग होते. रशियात व्ह्लादिमीर अद्रियानोव्ह यांनी १९०७ मध्ये मनगटी होकायंत्र योजले, तर फिनलंडमध्ये टूओमास व्होहलोनेन यांनी द्रवयुक्त होकायंत्राच्या निर्मितीसाठी १९३६ मध्ये सूंतो ही कंपनी स्थापन केली. शत्रूच्या कैदेतून निसटण्यासाठी ब्रिटिशांनी गणवेशाच्या गुंड्यांतही चिमुकली होकायंत्रे दडविली होती.

संग्रह व परीक्षण : ब्रिटिश सरकारी मालकीची खूण म्हणजे रुंद बाणाग्र. खूण, वर्ष, निर्माता आणि रचना यांचा परस्परांशी मेळ बसणे ही अस्सलपणाची पहिली कसोटी होय. मुंबईच्या चोरबाजारासारख्या ठिकाणी लंडनच्या जुन्या कंपन्यांची नावे कोरलेल्या नव्या पितळी प्रतिकृती सर्रास मिळतात. त्यांचे कोरीवकाम उथळ, बिजागरी ढिली आणि जुनाटपणा रसायनांनी आणलेला असतो.

तबकडी एका बाजूस कललेली दिसली, तरी ती बिघडलेलीच असते असे नाही. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजाशी होणारा कोन स्थलपरत्वे बदलतो. ब्रिटनमध्ये समतोल साधलेली तबकडी भारतात दक्षिण टोकाकडे झुकते. अशा तबकडीचे वजन घासून ती ‘सरळ’ केल्यास ती कोणत्या प्रदेशासाठी बनविली होती, याचा पुरावा नष्ट होतो.

पुनःस्थापन : कमीत कमी हस्तक्षेप करावा आणि केलेला बदल पुढे उलटविता यावा, ही जतनाची सर्वमान्य तत्त्वे येथेही लागू पडतात. पितळ चकचकीत घासल्याने मूळ काळे रोगण व कोरीव अक्षरे झिजतात. शिंपल्याचा थर कॅल्शियम कार्बोनेटचा असल्याने आम्लयुक्त द्रव्याने तो खराब होतो. आधारटोक बोथट झाल्यास तबकडी अडखळते. चुंबकत्व क्षीण झाल्यास ते पुन्हा देता येते. द्रवात दिसणारा लहान बुडबुडा सहसा वाचनाच्या आड येत नाही. मूळ द्रव कोणता हे ठरविल्याशिवाय दुसरा भरल्यास रंग व जोडाचे लुकण विरघळण्याची भीती असते.

सर्वांत गंभीर प्रश्न दीप्तिमान रंगाचा आहे. या रंगात झिंक सल्फाइड रेडियमच्या किरणोत्सर्गाने प्रकाशते. काही दशकांत झिंक सल्फाइड निकामी होऊन रंग तपकिरी पडतो व अंधारात चमकत नाही; मात्र रेडियमचे अर्धायुष्य सु. १,६०० वर्षे असल्याने शंभर वर्षांत त्याची क्रियाशीलता जेमतेम ४ टक्क्यांनी घटते. म्हणजे रंग विझला तरी धोका विझत नाही. पेटी बंद असेपर्यंत धोका मर्यादित असतो. ती उघडून रंग खरवडल्यास सूक्ष्म कण श्वासावाटे किंवा हाताला लागून पोटात जातात व रेडियम हाडांत साठते. अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्या रंगविणाऱ्या कामगार स्त्रियांना १९२० च्या दशकात याच कारणाने दुर्धर व्याधी जडल्या. यास्तव जुना रंग काढून नवा लावणे कटाक्षाने टाळावे. अशी होकायंत्रे न उघडता, हवा खेळती राहील अशा खोलीत, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत. उघडणे अटळच असेल, तर ते काम किरणोत्सर्ग-सुरक्षेची सोय असलेल्या प्रयोगशाळेतच व्हावे. नंतरच्या होकायंत्रांत ट्रिटियम वापरण्यात आले. त्याचे अर्धायुष्य सु. १२ वर्षे आहे.

भारतात पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १०० वर्षांहून जुनी असल्यास पुरावस्तू ठरू शकते आणि खाजगी व्यक्तीस ती निर्यात करता येत नाही. पहिल्या महायुद्धातील होकायंत्रांनी ही वयोमर्यादा आता ओलांडली आहे. म्हणून प्रत्येक वस्तूवरील खुणा, तिची प्राप्ती आणि तिच्यावर झालेली दुरुस्ती यांची लेखी नोंद ठेवणे संग्राहकाचे कर्तव्य ठरते. बंद पडलेले परंतु नोंदी व खुणा शाबूत असलेले होकायंत्र हे नव्याने झळाळी दिलेल्या होकायंत्रापेक्षा इतिहासाच्या अभ्यासकास अधिक उपयुक्त असते.