गॅस कंपनीचा कर आणि बाईंचा पगार



शिकागो म्हटलं की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास आठवतात. एक म्हणजे 1893 ची सर्वधर्म परिषद आणि विवेकानंद. दुसरी 1886 ची हेमार्केटची घटना, जिच्यामुळे एक मे हा जगभर कामगार दिन झाला. आज मी त्याच शहरातली तिसरी गोष्ट सांगणार आहे. ती आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या बायकांनी पगारवाढ मागितली, "पैसे नाहीत" असं उत्तर मिळालं, आणि मग त्या बायका पैसे कुठे गेले ते शोधायला निघाल्या, अशी ती गोष्ट.

हा विषय मी का निवडला ते आधी सांगतो. माझी आई इंदूरला एका खासगी शाळेत शिकवायची. शाळेचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. महिन्याच्या शेवटी रेव्हेन्यू स्टँपवर सही व्हायची एका आकड्यावर आणि हातात पडायचा दुसराच आकडा. मधला फरक "संस्थेच्या बांधकामाला" जायचा. मी नववी-दहावीत असताना तिला विचारलं, की तुम्ही सगळ्या बाया मिळून हे कुणाला सांगत का नाही? ती म्हणाली, "सांगणाऱ्या बाई पुढच्या जूनमध्ये दिसत नाहीत रे." एवढंच. पुढे ती वह्या तपासायला लागली.

शिकागोची कहाणी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आईचं हेच वाक्य आठवलं. तिथेही अडचणी याच दोन होत्या. पैसे नाहीत म्हणणारे लोक, आणि बोललं तर जाणारी नोकरी.

आता शिकागोकडे वळू. 1897 मध्ये तिथल्या प्राथमिक शिक्षिकांनी 'शिकागो टीचर्स फेडरेशन' काढली. निमित्त होतं पेन्शनचं. दोन वर्षांपूर्वी, 1895 मध्ये, शिक्षकांसाठी पेन्शनचा कायदा झाला होता आणि तो टिकेल की नाही याची भीती होती. पगाराची अवस्था तर विचारूच नका. नव्या बाईंना वर्षाला 500 डॉलर, आणि बरीच वर्षं घासल्यावर 800 च्या आसपास. हे पत्रक 1877 पासून जवळपास जसंच्या तसं चालत आलेलं. एकेका वर्गात साठ-साठ मुलं. त्यातली निम्मी घरी पोलिश, जर्मन नाहीतर आणखी काही बोलणारी. शहर दर वर्षी फुगत होतं, शाळा भरत होत्या, पगार मात्र जागच्या जागी.

फेडरेशननं रेटा लावला आणि 1898 मध्ये शिक्षण मंडळानं टप्प्याटप्प्यानं वाढ मंजूर केली. तीन वर्षांत कमाल पगार 1000 डॉलरवर जाणार होता. पहिला टप्पा मिळाला. पुढच्या टप्प्याला मंडळानं हात वर केले. तिजोरी रिकामी आहे म्हणाले.

इथे दोन बायका पुढे येतात. कॅथरीन गॉगिन आणि मार्गारेट हेली. हेली 1861 ची, आयरिश घरातली. कत्तलखान्यांच्या वस्तीतल्या हेंड्रिक्स शाळेत ती सहावीला शिकवायची. म्हणजे विवेकानंद त्या शहरात भाषण देत होते तेव्हा हीसुद्धा तिथेच कुठेतरी, खाटकांच्या आणि हमालांच्या पोरांना शिकवत होती. तिजोरी रिकामी का, हा प्रश्न या दोघींनी शब्दशः घेतला. 1900 मध्ये हेलीनं शाळेतून रजा घेतली, फेडरेशननं तिचा खर्च उचलला, आणि ती कराच्या वह्या उघडून बसली.

तिला जे सापडलं ते जरा नीट समजून घेऊ, कारण सगळी गंमत इथेच आहे. रस्ता हा सगळ्यांचा. त्या रस्त्यावर ट्रामचे रूळ टाकायला, खाली गॅसचे नळ घालायला, वर टेलिफोनच्या तारा ओढायला शहर कंपन्यांना मक्ता देतं. तो मक्ता हीच कंपनीची सगळ्यात मोठी मालमत्ता, कारण रूळ आणि नळ यांना मक्त्याशिवाय भंगाराची किंमत. इलिनॉय राज्याच्या कायद्यात या मक्त्यांच्या किमतीवर कर होता. पण तो लावण्याचं काम राज्याच्या ज्या मंडळाकडे होतं, ते मंडळ लावतच नव्हतं. शाळा चालायच्या मालमत्ता करावर. म्हणजे छोटं घर असलेला माणूस कर भरत होता, बाई साठ पोरं सांभाळत होती, आणि शहरातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांच्या सगळ्यात मोठ्या मालमत्तेवर शून्य आकारणी.

हेली आणि गॉगिन राज्याच्या राजधानीत, स्प्रिंगफील्डला गेल्या. मंडळानं टोलवाटोलवी केली. मग फेडरेशन कोर्टात गेली. लक्षात घ्या, या बायकांना तेव्हा शहराच्या निवडणुकीत मतसुद्धा नव्हतं. तो हक्क इलिनॉयमध्ये 1913 ला आला. मत नाही, आणि समोर गॅस, वीज, टेलिफोन आणि ट्राम कंपन्यांचे वकील. तरीही 1901 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की मंडळानं हा कर लावलाच पाहिजे.

कंपन्या लगेच केंद्रीय न्यायालयात धावल्या आणि तिथे आकारणी बरीच खाली आली. तरीसुद्धा वर्षाला सुमारे 6 लाख डॉलर नवे वसूल व्हायला लागले आणि त्यातले जवळजवळ अडीच लाख शिक्षण मंडळाच्या वाट्याला आले.

आता तुम्हाला वाटेल, झालं, पगार वाढला. नाही. मंडळानं ते पैसे घेतले आणि कोळशाची बिलं, इमारतींची डागडुजी यांच्याकडे वळवले. मी हे वाचताना पुस्तक मिटून ठेवलं होतं. बांधकामाला गेले! इंदूर काय आणि शिकागो काय. शाळेला कोळसा लागतो, भिंतींना डागडुजी लागते, हे खरंच आहे. पण ते पैसे कुणी मिळवून आणले होते, आणि कबूल केलेली पगारवाढ कुणाची अडली होती?

फेडरेशन पुन्हा कोर्टात गेली, या वेळी आपल्याच मंडळाविरुद्ध. 1904 मध्ये न्यायाधीश एडवर्ड डन यांनी शिक्षिकांच्या बाजूनं निकाल दिला. थकबाकी देणं मंडळाला भाग पडलं. पगारवाढ कबूल झाल्यापासून सहा वर्षांनी ती हातात पडायची वेळ आली. हेच डन पुढच्या वर्षी शिकागोचे महापौर झाले.

या खटल्यांच्या मधल्या काळात, 1902 मध्ये, आणखी एक गोष्ट घडली, आणि माझ्या मते ती कराच्या खटल्याइतकीच मोठी आहे. फेडरेशन शिकागोच्या कामगार महासंघात सामील झाली. आजही आपल्याकडे शिक्षक पगाराबद्दल बोलले की "पवित्र पेशा" हा शब्द कुणीतरी काढतंच. तिथे तेव्हा त्याचीच बायकी आवृत्ती होती. सभ्य घरच्या मुलींनी गाडीवान आणि खाटकांच्या युनियनशी हातमिळवणी करायची? फेडरेशनमध्येही पुष्कळ जणी बिचकल्या. पण हिशेब सरळ होता. बाईंना मत नव्हतं, गाडीवानाला होतं. आणि गाडीवानाचीच पोरं बाईंच्या वर्गात होती.

वर्तमानपत्रांनी झोडपलं. त्यात 'शिकागो ट्रिब्यून' पुढे. जाता जाता सांगतो, ट्रिब्यूनची इमारत शाळांच्या मालकीच्या जमिनीवर भाडेपट्ट्यानं उभी होती, आणि ठरावीक काळानं भाडं नव्यानं ठरवायचं कलम 1895 मध्ये करारातून काढून टाकलं होतं. शिक्षिकांनी हेही उकरून काढलं होतं. तेव्हा ट्रिब्यूनचे अग्रलेख वाचताना हे ध्यानात असू द्या.

1904 मध्येच हेलीनं सेंट लुईसला राष्ट्रीय शिक्षण संघटनेच्या अधिवेशनात भाषण केलं. शिक्षकांनी संघटित का व्हायचं, हा विषय. तिनं सांगितलेल्या अडचणी अशा: अपुरा पगार, नोकरीची आणि म्हातारपणाची हमी नसणं, गच्च भरलेले वर्ग, आणि चौथी म्हणजे वर्गात काय आणि कसं शिकवायचं यात शिकवणाऱ्याला विचारलंच जात नाही. शाळेचा कारखाना होतोय, हे तिचं दुखणं होतं. म्हणून ही लढाई नुसती पगाराची होती असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पण माझ्या आईचं वाक्य अजून बाकी आहे. सांगणाऱ्या बाई पुढच्या जूनमध्ये दिसत नाहीत.

1915 मध्ये शिक्षण मंडळातल्या जेकब लोब यांनी नियम आणला, की कामगार संघटनांशी जोडलेल्या संस्थेत शिक्षकानं राहायचं नाही. आणि 1916 च्या जूनमध्ये, अक्षरशः जूनमध्ये, 68 शिक्षकांची पुढच्या वर्षासाठी नेमणूक झाली नाही. त्यातल्या 38 जणी फेडरेशनच्या. त्याच वर्षी जानेवारीत कॅथरीन गॉगिन एका ट्रकखाली सापडून गेली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शिकागोतच अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स ही देशव्यापी संघटना उभी राहिली होती, आणि हेलीची फेडरेशन तिचा कणा होती. एका वर्षात इतकं सगळं.

1917 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं मंडळाच्या बाजूनं कौल दिला. ज्या न्यायालयानं कर मिळवून दिला होता, त्यानंच सांगितलं की कुणाला नेमायचं आणि कुणाला नाही हा मंडळाचा अधिकार. फेडरेशन कामगार महासंघातून आणि नव्या राष्ट्रीय संघटनेतूनही बाहेर पडली. बदल्यात काढलेल्या शिक्षिका परत आल्या. आणि त्याच वर्षीच्या ओटिस कायद्यानं तीन वर्षांच्या प्रोबेशननंतर कायम नोकरीची हमी दिली.

ही हार की जीत? मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला आहे. हेलीनं मित्र सोडले हे खरं. पण प्रोबेशन संपल्यावर बाईंना जूनची भीती बाळगावी लागणार नव्हती. माझ्या आईला काय हवं असतं, ते मला माहीत आहे.

पुढची दोन दशकं भराभर ओलांडतो. मंदीत शहराची तिजोरी खरोखरच बसली. शिक्षकांना महिनोनमहिने पगार नव्हता, कधी रोख रकमेऐवजी वचनचिठ्ठ्या मिळत, आणि त्या दुकानदार पूर्ण किमतीला घेत नसत. 1933 च्या एप्रिलमध्ये हजारो शिक्षक बँकांवर चालून गेले. 1934 मध्ये केंद्राच्या कर्जातून थकबाकी मिळाली. वेगवेगळ्या शिक्षक संघटना एकत्र येऊन 1937 मध्ये शिकागो टीचर्स युनियन झाली. हेली मात्र त्यात गेली नाही. हट्टी होती, आपली संघटना आपल्या मुठीत ठेवायची सवय होती, हे तिच्या बाजूचे लोकही मान्य करतात. 1939 मध्ये ती वारली.

करार करण्याचा हक्क मिळायला 1966 उजाडलं आणि पहिला संप झाला 1969 मध्ये. इथे युनियनच्या विरोधातलीही एक गोष्ट सांगायला हवी. पूर्ण वेळ शिकवणाऱ्या पण कागदावर वर्षानुवर्षं 'बदली' म्हणून राहिलेल्या शिक्षकांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण फार मोठं होतं. काम तेच, हमी नाही. युनियनला त्यांचा प्रश्न हाती घ्यायला त्या शिक्षकांनीच भाग पाडलं. कंत्राटी शिक्षक, अतिथी शिक्षक, शिक्षणसेवक, शिक्षामित्र. तुम्ही ज्या राज्यात हे ऐकत असाल तिथला शब्द घाला.

1969 ते 1987 या काळात नऊ संप झाले. शेवटचा 19 दिवसांचा. मग 1995 मध्ये कायदाच बदलला. वर्गात किती मुलं असावीत यावर वाटाघाटी करायचा हक्क युनियनकडून काढून घेतला. 2011 मध्ये आणखी एक अट आली, की संपासाठी एकूण सभासदांपैकी 75 टक्क्यांची संमती हवी. हे जमणारच नाही अशी अट घालणाऱ्यांची खात्री होती. 2012 मध्ये रसायनशास्त्र शिकवणाऱ्या कॅरन लुईस युनियनच्या अध्यक्ष होत्या आणि जवळपास 90 टक्के सभासदांनी होकार दिला. पंचवीस वर्षांनी संप झाला, शाळेचे सात दिवस. पालक मोठ्या संख्येनं सोबत होते, कारण युनियननं आधी दोन वर्षं वस्त्यावस्त्यांत फिरून काढली होती.

2019 चा संप अकरा दिवस चालला. त्यात मागणी होती प्रत्येक शाळेत एक नर्स आणि एक समाजसेवक असावा, आणि ती करारात लेखी आली. वर्गसंख्येवर बोलायचा जो हक्क 1995 मध्ये गेला होता, तो 2021 मध्ये परत मिळाला. छब्बीस वर्षं लागली.

2023 मध्ये याच युनियनचे जुने कार्यकर्ते ब्रँडन जॉन्सन महापौर झाले. वाटलं असेल आता सगळं सोपं. पण पैसे कुठून आणायचे आणि कर्ज काढायचं की नाही, यावरून इतकं बिनसलं की 2024 च्या ऑक्टोबरमध्ये शिक्षण मंडळाच्या सातही सदस्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. करार शेवटी 2025 च्या एप्रिलमध्ये झाला, आणि या वेळी संपाशिवाय. त्यात पगारवाढ आहेच. त्याशिवाय प्राथमिकच्या शिक्षकांना पाठाच्या तयारीसाठी रोज जास्तीची दहा मिनिटं मिळाली आहेत.