अँटवर्पमधले जैन आणि साडेचारचा सूर्यास्त



दारव्ह्याच्या आमच्या घरात सूर्यास्ताची काळजी कधी करावी लागली नाही. डिसेंबरात साडेपाचच्या पुढेमागे दिवस मावळतो, जूनमध्ये सातच्या सुमारास. कुकर कधी चढवायचा ते हातालाच माहीत असतं. 2022 च्या नोव्हेंबरात लेकीच्या बाळंतपणासाठी बेल्जियममधल्या अँटवर्पला गेले आणि हे सगळं गणित बिघडलं. तिथे डिसेंबरात सूर्य उगवतो पावणेनऊच्या आसपास आणि साडेचारच्या थोडं पुढे मावळतो. जूनमध्ये मात्र रात्री दहापर्यंत उजेड!

पहिल्याच आठवड्यात लेकीने सांगून टाकलं, "आई, हिवाळ्यात आम्ही सातला जेवतो. ऑफिस साडेपाचला सुटतं, त्याच्या आधी कधी जेवू, तूच सांग." मी बोलून गेले, "मग उपाशी राहायचं." भरल्या दिवसांच्या पोरीला असं बोलायला नको होतं. दोन दिवस घरात कुणी धड बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी जावई म्हणाले, "आई, इथे पन्नास-साठ वर्षांपासून जैन राहतात. त्यांनी काय केलं ते विचारा ना." तिथून मी विचारायला लागले, म्हणून हा लेख.

आपल्या भागाचा माल युरोपच्या बंदरांत आपल्या माणसांच्या कितीतरी आधी पोचला होता. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. लिव्हरपूलच्या बाजारात त्याला उमरावतीवरून 'उमरा' म्हणत. आपली शकुंतला यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर अशी धावली ती याच कापसासाठी. तिचं 1921 साली बांधलेलं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचं, आणि ते 1994 पर्यंत चाललं. गाठोडी समुद्रापार गेली, माणसं मात्र गावातच राहिली. समुद्र ओलांडणं धर्माला सोडून आहे असं मानणारे आपल्यातही होतेच. 1893 च्या शिकागो धर्मपरिषदेचं बोलावणं आचार्य विजयानंदसूरींना आलं होतं. साधू जहाजात बसत नाहीत, म्हणून त्यांनी 29 वर्षांच्या वीरचंद गांधींना पाठवलं. परत आल्यावर मुंबईत समाजातल्याच काही लोकांनी वीरचंदांना विरोध केला.

अँटवर्प हे शेल्ट नदीवरचं बंदर. रॉटरडॅमनंतर युरोपात दुसऱ्या नंबरचं. हिऱ्यांचा व्यापार तिथे पाचशे वर्षांचा, आणि पुढे तो बहुतेक ज्यू लोकांच्या हातात होता. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी तिथल्या ज्यूंना पकडून नेलं, हजारो परत आले नाहीत. जे वाचले त्यांनी धंदा पुन्हा उभा केला. आपले जैन तिथे दिसायला लागले ते साधारण 1960 नंतर. बहुतेक गुजरातेतल्या पालनपूरचे, श्वेतांबर. ते आधी मुंबईला आले होते, ऑपेरा हाऊसच्या भागात त्यांच्या पेढ्या होत्या. इतर व्यापारी ज्या बारीक खड्यांकडे फारसे बघत नव्हते ते कच्चे खडे हे लोक घेत, सुरत-नवसारीला पैलू पाडायला पाठवत आणि तयार माल परत अँटवर्पला विकत. बारीक खड्याला मजुरी जास्त लागते, ती आपल्याकडे स्वस्त होती. त्यावर हा सगळा इमला उभा राहिला. आज तिथल्या व्यापाराचा मोठा हिस्सा भारतीयांकडे आहे. हिऱ्याचा धंदा अहिंसक, असं आपण सहज म्हणतो. खाणीपर्यंत विचार नेला तर मला तितकं सोपं वाटत नाही. आफ्रिकेतल्या युद्धांना हिऱ्यांचा पैसा जात होता म्हणूनच 2003 पासून किंबर्ली प्रमाणपत्र आलं.

मला जास्त कुतूहल घरांचं होतं. देवळात एक पालनपुरी बेन भेटल्या, सत्तरीच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा नवऱ्याची दोन खोल्यांची जागा होती, असं म्हणाल्या. डाळी, पीठ, हिंग मुंबईहून येणाऱ्या प्रत्येकाच्या सामानातून यायचं. भाषा कळत नव्हती, म्हणून पाकिटावरचे शब्द वहीत उतरवून नवऱ्याला विचारायच्या. दह्यात जिलेटिन तर नाही, चीज कशाने विरजलंय, एवढं तपासायला अर्धा दिवस जायचा. बेल्जियम म्हणजे तळलेल्या बटाट्यांचा देश. आपण कंदमूळ म्हणून तो सोडलाच, पण ज्या घरांत बटाटा चालतो त्यांनीही विचारून घ्यावं. जुन्या पद्धतीने तिथे तो बैलाच्या चरबीत तळतात.

आणि सूर्यास्त? बेन हसल्या. म्हणाल्या, आमच्या यजमानांना त्याची अडचण ज्यूंच्या बाजारात कमी वाटली. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत ज्यूंचा शब्बाथ सुरू होतो. हिवाळ्यात त्या दिवशी हिऱ्यांच्या गल्लीत दुपारीच आवराआवर होते. खाण्याचे नियम त्यांचेही कडक. ज्या गावात व्यापारी माणूस घड्याळाकडे बघून "आता मला घरी गेलं पाहिजे" असं उघड म्हणू शकतो, तिथे आपला डबा चार वाजता उघडायला लाज कसली? बेन यजमानांचा डबा दुपारी साडेतीनला हाताने नेऊन द्यायच्या. पावसात, बर्फात, कडेवर पोर घेऊन.

हे ऐकताना मला जरा रागही आला, खरं सांगते. इतिहासात व्यापाऱ्यांची नावं येतात, डबा नेणारीचं कुठे येत नाही. लेकीला तर डबा आणून देणारंच कुणी नाही. ती स्वतःच नोकरी करते.

तिथे साधू-साध्वी नाहीत. आपले मुनी पायी विहार करतात, विमानात बसायचा प्रश्नच नाही. आचार्य तुलसींनी 1980 मध्ये तेरापंथात समणींचा वर्ग काढला, त्या परदेशी जाऊ शकतात. पण त्या येऊन-जाऊन. म्हणजे चातुर्मासात महाराजांच्या प्रवचनाचा जो आधार आपल्याला गावात बसून मिळतो, तो तिथे नाही. प्रतिक्रमण कोण शिकवणार, मुलांना नवकार कोण पाठ करून घेणार? घरातल्या बायका. बेनच्या घरी रविवारी मुलं जमायची, आधी चार, मग दहा-बारा.

मंदिर व्हायला चाळीसेक वर्षं लागली. व्हिल्राइक उपनगरात 2010 मध्ये शंखेश्वर पार्श्वनाथांची प्रतिष्ठा झाली. भारतात कोरलेला संगमरवर जहाजाने नेऊन तिथे जोडला. ज्या समुद्रावरून आपली गाठोडी गेली, त्यावरून देऊळही गेलं म्हणायचं.

दारात मी थबकले. आम्ही दिगंबर. डोळे लावलेली, आंगी घातलेली मूर्ती. लहानपणापासून "ते देऊळ आपलं नव्हे" असंच ऐकलेलं. आणि पार्श्वनाथ म्हटलं की मला आपलं शिरपूर आठवतं. तिथे अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या देवळाला दोन पंथांच्या वादात 1981 पासून कुलूप होतं. मी अँटवर्पला होते तेव्हाही ते कुलूपच होतं. उघडलं ते 2023 मध्ये. माझ्या सासूबाई त्या दर्शनाची वाट बघत गेल्या. बेनने माझा हात धरला नि म्हणाल्या, "आवो ने." मी आत गेले. णमोकार मंत्र म्हटला. आंगीकडे बघितलं, मग डोळे मिटून घेतले. वेगळं वाटलं का? वाटलं. लपवत नाही.

घरी येऊन लेकीला सगळं सांगितलं. ती गप्प ऐकत होती. मग म्हणाली, "आई, मी नियम सोडला तो ऑफिसमुळे नाही. एकटीने चार वाजता डबा उघडायची लाज वाटायची." त्यावर मला काही बोलता आलं नाही. रात्री तिच्या पायाला तेल लावलं आणि झोपले.

नात आता तीन वर्षांची होईल. हिवाळ्यात आमच्याकडे रात्रीचे साडेआठ वाजले की फोन वाजतो. तिकडे चार वाजलेले असतात. लेक ऑफिसच्या खिडकीजवळ बसलेली असते, डब्यात पोळी नि मुगाची भाजी. रोज नाही जमत तिला. आठवड्यातून तीन-चारदा जमतं.