मानमोडीतली बाळंतीण

माझी आजी मानमोडीतली. जन्मतारीख तिला ठाऊक नव्हती. ‘मानमोडीत झाले, दिवाळीच्या आधी’ एवढ्यावर तिचं भागायचं. मानमोडी म्हणजे १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ. जूनमध्ये मुंबईत शिरली, मध्ये जरा दबली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात अशी उसळली की एकट्या मुंबईत ६ ऑक्टोबरला ७६८ माणसं गेली.

आमचं गाव माणदेशातलं. त्या साली पावसानंही दगा दिला होता. पणजीला नववा महिना. सासू, मोठी जाऊ, दोन दीर तापानं अंथरुणात. पाणी आणणारी, पेज पाजणारी ती एकटीच. “आई चुलीपुढं बसली तर उठवंना, आन् उठली की कुणीतरी पाणी मागायचंच,” आजी सांगायची. अमेरिकेत या साथीनं पुरुष जास्त नेले, हिंदुस्थानात बायका. जाणकार कारणं पुष्कळ देतात. आजीच्या गोष्टीत एकच होतं: बाई पडली तर तिला पाणी कोण देणार?

कळा सुरू झाल्या तेव्हा सुईणही तापात. शेजारच्या म्हातारीनं विळ्यानं नाळ कापली. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू यांचं नाव नको. पाचवीला पाटा-वरवंटा तेवढा पुजला. साथ असो नसो, सटवाईला चुकवून चालत नाही!

त्याच आठवड्यात गल्लीतली दुसरी बाळंतीण गेली. तिचं पोर पणजीनं पदराखाली घेतलं. एका बाजूला आजी, दुसऱ्या बाजूला तो. एरवी आमच्या घरात शिवाशिव कडक, पण त्या दिवसांत जात कुणी विचारली नाही. तो दूधभाऊ पुढं म्हातारा होईपर्यंत दर भाऊबीजेला यायचा. ओवाळणीत चार आणे नि गूळ. सख्खे भाऊ विसरायचे, हा नाही.

मी बाळंत झाले २०२०च्या जूनमध्ये, पुण्यात. जिल्हा ओलांडायला पास लागायचा, आईला तो मिळाला नाही. हळिवाचे लाडू भाजीच्या टेम्पोतून आले. बाळाला न्हाऊ कसं घालायचं, पायावर कसं घ्यायचं, हे आईनं व्हिडिओ कॉलवर शिकवलं. सव्वा महिना खोलीत राहायची रीत आपल्याकडे जुनीच, पण त्या खोलीत पाठ चोळणारे हात असायचे. माझ्या खोलीत मोबाईल होता. तरी माझं बरं म्हणायचं. मुंबईच्या नायर रुग्णालयात करोना झालेल्या शेकडो बायका बाळंत झाल्या, भोवती सगळी मास्क घातलेली, अनोळखी माणसं. त्यांच्या जिवाला जपणाऱ्या तिथल्या परिचारिका मला त्या विळावाल्या म्हातारीच्याच नात्यातल्या वाटतात.

पुण्यातल्याच मीनल दाखवे-भोसले यांनी करोनाच्या तपासणीचं किट १८ मार्चला तपासायला दिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली. कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. मला मात्र पुन्हा चुलीपुढची पणजी आठवली. भरल्या दिवसांच्या बाईनं काम थांबवलं नाही की आपल्याला फार बरं वाटतं.

२०२१ची दुसरी लाट गरोदर बायकांना पहिलीपेक्षा कितीतरी जड गेली. देशात लसीकरण त्या वर्षी १६ जानेवारीला सुरू झालं होतं. गरोदर बाईला लस घ्यायची मुभा मिळाली २ जुलैला, लाट ओसरल्यावर.