प्रीमियर पद्मिनी ते सिमकार्डवाली गाडी

मोटारींचा विषय आपण वागळे इस्टेटपासून सुरू करू. १ ऑगस्ट १९६२ ला यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते एमआयडीसीचं उद्घाटन इथंच झालं. इथल्या गाळ्यांत लेथ फिरू लागले. लालबहादूर शास्त्री मार्गानं खाली कुर्ल्याला गेलं, की वालचंद हिराचंदांचा प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना. तिथं फियाट ११०० बनायची. तीच १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' झाली.

ही गाडी फार टिकाऊ होती, असं सगळे म्हणतात. आम्हाला ते अर्धंच खरं वाटतं. पत्रा गंजायचा, चढावर इंजिन तापायचं. पण बिघाड डोळ्यांना दिसायचा. पॉइंट काळे पडले तर पॉलिश पेपरनं घासा, कार्बोरेटर उघडून फुंकर मारा, इंजिन दमलं तर रीबोअर करा. बुश मिळत नसेल तर लेथवर नवा करून घ्या. शिवाय नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे, त्यामुळे असलेली सांभाळण्याशिवाय इलाजच नव्हता! म्हणजे टिकाऊपणा नुसता लोखंडात नव्हता, दुरुस्ती मालकाच्या आणि मेकॅनिकच्या हातात होती, त्यात होता.

खाजगीपणाचंही तेच. आरटीओच्या कागदावर मालकाचं नाव असायचं, पण गाडी स्वतः लक्षात ठेवायची ते फक्त किलोमीटर. मीटरची केबल काढली, की तेही नाही! (टॅक्सीवाल्यांना हे सांगायला नको.)

कंपनीवर अवलंबून राहण्याची किंमत कल्याण-डोंबिवलीनं पाहिली आहे. नव्वदीच्या दशकात प्रीमियरच्या तिथल्या कारखान्यात प्यूजो ३०९ बनू लागली. काही वर्षांतच प्यूजोनं काढता पाय घेतला, आणि गाडी घेतलेले लोक पार्ट शोधत राहिले. तरी लोखंडाचा भाग निदान घडवून घेता येत होता.

२०१९ मध्ये एमजी हेक्टर 'इंटरनेट कार' म्हणून विकायला आली. अशा गाडीत सिम असतं; गाडी कुठं आहे, किती वेगात आहे, हे कंपनीच्या सर्व्हरवर जाऊ शकतं. चोरी-अपघातात त्याचा उपयोग आहे, नाही कसा? नव्या टॅक्सी-बसना १ जानेवारी २०१९ पासून ट्रॅकर आणि पॅनिक बटन सक्तीचं झालं, ते सुरक्षेसाठीच. पण २०२३ मध्ये मोझिला फाउंडेशननं पंचवीस कार ब्रँड तपासले आणि खाजगीपणात सगळेच नापास केले. आणि टिकाऊपणा? २०२२ मध्ये अमेरिकेत थ्री-जी बंद झालं. इंजिन ठणठणीत असलेल्या कित्येक गाड्यांची, अपघात झाल्यावर आपोआप मदत मागवणारी सोय त्याबरोबर बंद पडली. हा भाग कुठल्या लेथवर करणार?

आता सेकंडहँड गाडी घेताना आपण आरसी, इन्शुरन्स, पीयूसी बघतो. आधीच्या मालकाचं खातं ॲपमधून काढलंय का, हेही विचारायला हवं. राहिलं असेल, तर तुमची गाडी रात्री कुठं उभी आहे हे त्याला घरबसल्या दिसू शकतं.