वाकस, रंधा आणि गज

बडोद्यातल्या जुन्या वस्तीत वाडे पाडले जाऊ लागले, तसे कोरीव खांब आणि दारे विकत घेणारे पुष्कळ भेटले. ज्या हत्यारांनी ती घडली, ती मात्र पेटीसकट वजनावर भंगारात गेली. दिवाण भाऊ तांबेकरांच्या वाड्यातली भित्तिचित्रे आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. तो वाडा तोलून धरणाऱ्या लाकूडकामाकडे आपली नजर क्वचितच जाते.

सुताराची पेटी हा आपल्या इतिहासाचा एक दप्तरखानाच आहे. करवत हा शब्द संस्कृत 'करपत्र'पासून आला, तर रंधा फारसीतून. वाकसाने तासायचे, पटाशीने खाच पाडायची आणि सामत्याने भोक. सामत्याला दोरी गुंडाळून धनुकली मागेपुढे ओढली की तो गरगर फिरतो. जुन्या देशी करवतीचे दात मुठीकडे वळलेले असतात, कारण ती ओढताना कापते; विलायती करवत ढकलताना कापते. देशी रंधा लाकडी असून त्याचे पाते पाचरीने आवळलेले असते. मापाला गज असे. एका गजाचे 24 तसू. 1958 पासून मेट्रिक मापे आली आणि गजाबरोबर तसू हे मापही वापरातून गेले.

1890 मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन स्थापन केले. त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे सुरतेच्या सुतार समाजातले. धंदेशिक्षण मातृभाषेत मिळावे असा त्यांचा आग्रह होता. पिढीजात हाताने शिकायची सुतारकी तिथे वर्गात शिकवली जाऊ लागली. त्या काळात शेफील्डची पटाशी आणि लोखंडी रंधाही आपल्याकडच्या पेट्यांत शिरला. म्हणून एकाच पेटीत वाकसाशेजारी 'कास्ट स्टील' असा छाप असलेली पटाशी सापडते, आणि दोन्हींवर एकाच हाताची झीज दिसते.

अशी पेटी हाती आली तर घाई करू नये. सर्वांत मोठा शत्रू गंज नव्हे, ग्राइंडर! त्याच्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते आणि बनवणाऱ्याचा छापही पुसला जातो. हलका गंज रॉकेल आणि बारीक पॉलिश कागदाने निघतो. जाड गंज असेल तर पाते व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवावे, धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने स्वच्छ करावे, लगेच कोरडे करून तेल लावावे. मूठ घासून नवी करू नये. तिला जवसाचे तेल पुरते. मुठीवर कुणी आपली आद्याक्षरे कोरलेली असतील, तर तीच त्या कारागिराची सही. त्याचे नाव बहुधा दुसरीकडे कुठेच लिहिलेले नसते.

हत्यार साफ झाले की त्याला एक चिठ्ठी बांधावी: नाव काय, कुणाच्या घरातले, कशासाठी वापरत. नावे सांगणारी वडीलधारी माणसे अजून आपल्यात आहेत, तोवरच हे काम होईल. लोखंड पन्नास वर्षांनीही घासता येईल. गेलेला शब्द परत येत नाही.

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. यंदा तोवर माळ्यावरची पेटी खाली उतरवू या. पूजेत एक वाकस आणि एक रंधाही असू द्या.